आधी अ‍ॅक्सलची जागा, मग स्प्रिंग

घरच्या गॅरेजात बांधायच्या हलक्या स्पोर्ट्‌स गाडीचा विषय निघाला की मागचा अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्सल, हा स्वस्तातला नाइलाज समजला जातो. डिफ्रन्शियल, दोन्ही हाफ शाफ्ट, हाउसिंग, ब्रेकचे ड्रम असं सगळं धूड चाकांबरोबर वर-खाली होतं. त्यामुळे खडबडीत वळणावर गाडीचं मागचं अंग उड्या मारतं आणि बाहेर सरकतं, असं सांगितलं जातं. मग त्याला आवर घालायला जाड स्प्रिंग बसवली जाते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर शेवटच्या क्लिकपर्यंत आवळला जातो आणि गाडी आणखीच उडू लागते. या लेखाचं म्हणणं असं आहे की अशा गाड्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ अ‍ॅक्सलच्या वजनात नसून त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या मांडणीत असतं. अ‍ॅक्सल चेसिसला काटकोनात आहे, त्याची हालचाल कुठेही अडत नाही आणि त्याला आडवं धरणारी दांडी समतल आहे, या तीन गोष्टी साधल्या तर मऊ स्प्रिंग पुरते. त्या साधल्या नसतील, तर कोणत्याही स्प्रिंगने काम भागत नाही.

या जातीच्या गाड्यांचं मूळ इंग्लंडात आहे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन 1957 साली आली. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि केटरहॅमने पुढे कित्येक वर्षं फोर्ड एस्कॉर्टचा, नंतर मॉरिस इटालचा अ‍ॅक्सल वापरून ती गाडी बनवली. 1996 साली रॉन चॅम्पियन यांचं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स गाडी बांधा असं सांगणारं पुस्तक आलं आणि चौकोनी नळ्यांची चेसिस, जुन्या एस्कॉर्टचा अ‍ॅक्सल, गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंना वर-खाली बसवलेल्या चार लांब दांड्या आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड ही मांडणी ब्रिटनभरच्या गॅरेजांत पोचली. त्या मांडणीला ‘लोकॉस्ट’ म्हणतात आणि पुढचं विवेचन तिलाच धरून आहे. आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी मिळणं फार अवघड आहे. ब्रिटनमध्ये मात्र ठरलेल्या सरकारी तपासणीतून उतरली की अशी गाडी रीतसर रस्त्यावर येते, त्यामुळे तिथे राहणाऱ्या आणि हाताला ग्रीस लावून घ्यायची हौस असलेल्या मराठी वाचकांना यातलं बरंच काही थेट वापरता येईल.

आधी वजनाचा आक्षेप घेऊ, कारण तो खोटा नाही. चालकासह 640 किलोंची गाडी धरा. त्यातलं 52 टक्के वजन मागे, म्हणजे एका मागच्या चाकावर साधारण 166 किलो. अ‍ॅक्सल, चाक आणि ब्रेक यांचा एका बाजूचा वाटा 35 किलो धरला तर स्प्रिंगवर उरतात 131 किलो. प्रमाण पावणेचारास एक. जड सेदान गाडीत हेच प्रमाण बरंच सुखाचं असतं, कारण तिथे वरचं वजन मोठं असतं. हलक्या गाडीत तोच अ‍ॅक्सल अंगाला जास्त हिसके देतो, हे मान्य करावंच लागतं. पण त्या वजनाच्या बदल्यात काय मिळतं तेही पाहिलं पाहिजे. गाडी वळणावर कितीही कलली तरी दोन्ही मागची चाकं एकाच पोलादी नळीला जोडलेली असल्यामुळे रस्त्याशी जवळजवळ काटकोनातच राहतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हे साधायला दांड्यांच्या लांबीची आणि कोनांची बारीक जुळवाजुळव करावी लागते, आणि घरगुती वेल्डिंगमध्ये दोन-चार मिलिमीटरची चूक झाली की त्या जुळवाजुळवीवर पाणी पडतं. चाकाचा टो (वरून दिसणारा आत-बाहेरचा कोन) आणि कॅम्बर (समोरून दिसणारा कल) कारखान्यातच ठरून आलेला असणं ही हौशी बांधणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे. शिवाय 35 किलोंचं आंदोलन आवरणं हे शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं काम आहे. टायरचा ताठपणा मिलिमीटरला 150 न्यूटन धरला तर हे वजन सेकंदाला सुमारे अकरा वेळा उसळू पाहतं. जाड स्प्रिंगने त्या आकड्यात नगण्य फरक पडतो, कारण टायर स्प्रिंगपेक्षा दहापट ताठ आहे. तेव्हा उड्या थांबवायला जाड स्प्रिंग घालणं म्हणजे भलत्याच ठिकाणी औषध लावणं.

आता मुख्य मुद्द्याकडे. कोणतीही अवकाशात मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते, तीन दिशांत सरकून आणि तीन अक्षांभोवती फिरून. अ‍ॅक्सलला आपल्याला फक्त दोन हालचाली द्यायच्या आहेत: दोन्ही चाकं एकत्र वर-खाली होणं आणि एक चाक वर गेलं तर दुसरं खाली जाणं. म्हणजे चार हालचाली बांधायच्या आणि त्यासाठी चार दांड्या पुरतात. लोकॉस्टच्या मांडणीत मात्र चार लांब दांड्या आणि पॅनहार्ड रॉड मिळून पाच होतात, म्हणजे बंधन एकाने जास्त आहे. ही मांडणी चालते ती दोनच कारणांनी: चारही दांड्या नेमक्या एका लांबीच्या आणि एकमेकींना समांतर असतात म्हणून, किंवा बुशमधलं रबर थोडं दबतं म्हणून. एक दांडी तीन मिलिमीटर लांब झाली, किंवा चेसिसवरचं एक ब्रॅकेट जरा वर वेल्ड झालं, की गाडी कलताना हाउसिंगलाच पीळ बसतो आणि अ‍ॅक्सल स्वतःच एक जाड, बेभरवशाचा अँटी-रोल बार बनून बसतो. वळणावर मागची पकड एकाएकी सुटते ती बऱ्याचदा या पिळामुळे, आणि दोष मात्र अ‍ॅक्सलच्या वजनाला दिला जातो.

म्हणून चारही दांड्या एकाच जिगमध्ये बनवाव्यात, बोल्टच्या भोकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखं ठेवावं, आणि अ‍ॅक्सल बसल्यावर स्प्रिंगा लावण्याआधी एक चाचणी घ्यावी. गाडी भक्कम स्टँडवर घ्या. जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे कितीही वेळा सांगून झालेलं असलं तरी पुन्हा सांगावं लागतं. स्प्रिंगा काढून ठेवा, बुशचे बोल्ट हातानेच लावा, अ‍ॅक्सलचं एक टोक 75 मिलिमीटर वर आणि दुसरं तेवढंच खाली न्या. हे हाताच्या जोराने व्हायला हवं. त्याहून जास्त जोर लागत असेल तर एका वरच्या दांडीचा बोल्ट काढा आणि तीच हालचाल पुन्हा करा. अ‍ॅक्सल एकदम सैल झाला आणि भोकं एकमेकांसमोरून सरकली, तर चूक कुठे आहे ते कळलं: दांडी सारखी नाही किंवा ब्रॅकेट चुकलंय. सपाट स्थितीत आणि तिरप्या स्थितीतही बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे. या चाचणीला फारसा वेळ लागत नाही, आणि तिच्यातून जे कळतं ते पुढे महिनोन्‌महिने स्प्रिंगा बदलूनही कळत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: रबर म्हणजे ढिसाळपणा, सगळीकडे रोज जॉइंट, म्हणजे रबराशिवायचे धातूचे गोलाकार सांधे, लावा म्हणजे अ‍ॅक्सल पक्का बसेल. चार बंधनांच्या मांडणीत, म्हणजे तीन लांब दांड्या आणि एक आडवी अशा रचनेत, हे बरोबर आहे. पाच दांड्यांच्या मांडणीत रोज जॉइंट लावले तर जी चूक रबर गिळत होतं ती आता ब्रॅकेटच्या वेल्डला सोसावी लागते, आणि वेल्ड तडकतो. आडव्या दांडीला रोज जॉइंट किंवा कडक पॉलियुरेथेन बुश लावायला हरकत नाही, कारण तिचं काम अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणं एवढंच आहे. लांब दांड्यांना मात्र रबर किंवा मध्यम पॉलियुरेथेनच ठेवावं. रबराच्या बुशबद्दल एक गोष्ट जरूर पाळावी: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, चालकाच्या वजनाइतक्या गोण्या सीटवर ठेवून. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्या स्थितीत पकडली जाते, गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, स्प्रिंगमध्ये आपली भर घालत राहतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं.

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चेसिसला आणि दुसरं अ‍ॅक्सलला असतं, त्यामुळे अ‍ॅक्सल वर-खाली होताना सरळ रेषेत न जाता वर्तुळाच्या कमानीवरून जातो आणि किंचित बाजूला सरकतो. अ‍ॅक्सलला जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली नेणाऱ्या वॉट लिंकेजचे समर्थक नेमकं यावरच बोट ठेवतात. तेव्हा हिशोब करून पाहू. 900 मिलिमीटर लांबीची, समतल दांडी असेल आणि चाक 50 मिलिमीटर वर गेलं, तर अ‍ॅक्सल बाजूला सरकतो अवघा 1.4 मिलिमीटर. टायरच्या बाजूची भिंतही याहून जास्त वाकते. पण हीच दांडी उभ्या गाडीत एका टोकाला 40 मिलिमीटर वर असेल, तर तेवढ्याच हालचालीत एका दिशेला 3.6 मिलिमीटर आणि उलट दिशेला एक मिलिमीटरही नाही, असा दुजाभाव सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे वळणाचा सगळा आडवा भार त्या तिरप्या दांडीतून जातो. मागच्या 262 किलोंवर गुरुत्वाइतका आडवा जोर आला तर दांडीत सुमारे 2570 न्यूटन येतात आणि तिरपेपणामुळे त्यातले शंभराच्या वर न्यूटन गाडीला एका वळणावर उचलतात, दुसऱ्या वळणावर खाली ओढतात. डावीकडे छान वळते आणि उजवीकडे बिचकते, अशी तक्रार असलेल्या गाडीत सर्वांत आधी ही दांडी तपासावी.

तेव्हा दांडी शक्य तितकी लांब घ्यावी आणि चालक बसलेल्या उंचीवर ती पाणसळीने समतल करावी. तिची उंची हा वेगळा प्रश्न आहे. गाडीच्या मध्यरेषेवर ही दांडी जिथे असते, तिथेच मागचं रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, असतं. 13 इंची चाकांच्या गाडीत अ‍ॅक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण 265 मिलिमीटरवर येतो. दांडी तिथेच लावली तर मागचं रोल सेंटर पुढच्या विशबोनच्या रोल सेंटरपेक्षा फारच वर जातं, कारण पुढचं बहुधा जमिनीपासून काही सेंटिमीटरांवरच असतं. परिणाम असा की वळणात शिरताच मागचा बराचसा भार स्प्रिंगमधून न जाता दांडीतून थेट बाहेरच्या चाकावर जातो, आणि मागचं अंग चटकन सुटतं. म्हणून दांडी अ‍ॅक्सलच्या मध्याखाली 50 ते 75 मिलिमीटर न्यावी, जमिनीपासूनचं अंतर सांभाळून. त्यासाठी चेसिसचं ब्रॅकेट लांब खाली लोंबतं, आणि अडीच हजार न्यूटनांचा आडवा जोर ते कागदासारखं वाकवतो. त्याला समोरच्या नळीपर्यंत एक तिरपा आधार दिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. बोल्ट दोन्ही बाजूंनी पकडलेला असावा, एकाच कानाला लटकलेला नको.

वॉट लिंकेज मुळात चांगलंच आहे. जेम्स वॉटने 1784 साली वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली ही युक्ती आजही टिकून आहे, आणि महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या अखंड अ‍ॅक्सलला ती वापरली आहे. तिथे गाडी जड आहे, चाकाची हालचाल मोठी आहे, आणि सात माणसं बसल्यावर उंची कितीतरी बदलते, म्हणून तिची गरज आहे. आपल्या गाडीत 50-60 मिलिमीटरच्या हालचालीसाठी दोन दांड्या, मधली फिरती पट्टी, तिचा खुंट आणि ते सगळं पेलणारं ब्रॅकेट असं वजन वाढवून मिलिमीटरभर फायदा मिळतो. लोटस सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेत डिफ्रन्शियलच्या खाली बसवलेली ‘ए’ आकाराची चौकट होती. ती कागदावर देखणी, पण सगळे आडवे आणि लांबीचे जोर हाउसिंगवर एका जागी येत असल्याने तिथून तेल गळायचं. हलक्या गाडीत भार पसरून देणारी साधी दांडीच बरी.

लांब दांड्यांच्या उताराबद्दल हौशी मंडळी फार उत्साहाने प्रयोग करतात. पुढचं टोक वर घेतलं की गाडी पळताना मागे बसत नाही, हे खरं आहे. गुरुत्वमध्य 400 मिलिमीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2250 मिलिमीटर धरलं, तर समांतर दांड्यांना तीन अंशांचा चढ दिल्यावर बसण्याचा सुमारे 30 टक्के भाग दांड्याच पेलतात. पण त्याची किंमत वळणावर चुकवावी लागते. गाडी कलली की बाहेरचं चाक मागे आणि आतलं पुढे सरकतं, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल स्वतःच वळणाबाहेर तोंड करतो. दोन अंश कललं तर हे वळण एक दशांश अंशाचं असतं. आकडा लहान दिसतो, पण ते नेमकं गाडी वळणात टाकतानाच घडतं, आणि इतक्या हलक्या गाडीत ते पाठीला कळतं. सरळ शर्यतीसाठी गाडी बांधत नसाल तर चालक बसलेल्या उंचीवर दांड्या समतल ठेवा. पुढचं टोक थोडं खाली गेलं तर गाडी जरा सुस्त वळते, ते धोक्याचं नाही. पुढचं टोक वर जाऊ देऊ नका. याच वेळी पिनियनचा कोनही पाहून घ्या: गिअरबॉक्सची मागची बाजू आणि पिनियनची कड एकमेकींना समांतर हव्यात. रबरी बुश असतील तर पिनियनचं नाक एखाद अंश खाली ठेवावं, कारण वेग घेताना ते वर उचललं जातं.

अ‍ॅक्सल सरळ बसलाय की नाही हे पाहायला महागडी यंत्रं लागत नाहीत. ओळंबा, दोरी, टेप आणि सपाट जमीन पुरे. चेसिसवरच्या दोन ठरावीक बिंदूंपासून अ‍ॅक्सलच्या टोकांपर्यंतचे कर्ण ओळंब्याने जमिनीवर उतरवून मोजा. ते दोन मिलिमीटरच्या आत सारखे यायला हवेत. कर्ण जुळत नसतील तर अ‍ॅक्सल तिरका आहे आणि गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी चालेल. इथे मोह होतो एकाच दांडीची लांबी बदलण्याचा. तो टाळा, कारण त्याने वर सांगितलेला पीळ परत येतो. बदल त्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही दांड्यांत सारखाच करा. आणि एक धोक्याची गोष्ट: हाउसिंगला ब्रॅकेट वेल्ड करताना एका बाजूने सलग टाका मारत गेलात तर ताप एकाच अंगाला लागून नळी वाकते आणि चाकाचा टो कायमचा बिघडतो. तेल आणि सील आधी काढून, वर-खाली आळीपाळीने छोटे टाके मारत, मध्ये थंड होऊ देत काम करावं. शेवटी दोन्ही चाकांच्या मध्ये पुढून आणि मागून अंतर मोजून टो तपासावा.

इतकं झाल्यावर स्प्रिंग. रस्त्यावरच्या गाडीत मागच्या अंगाची आंदोलनगती सेकंदाला 1.7 ठेवली तर आपल्या 131 किलोंसाठी चाकाजवळ मिलिमीटरला 15 न्यूटनांचा ताठपणा हवा. स्प्रिंग उभ्या रेषेपासून 20 अंश कललेली असेल तर ती 17 न्यूटनांची, म्हणजे इंग्रजी मापात इंचाला सुमारे 97 पौंडांची घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्प्रिंगा यापेक्षा ताठ असतात, आणि इतकी मऊ स्प्रिंग घ्यायला बांधणारे कचरतात. त्यांची भीती अशी की गाडी वळणावर झोकांड्या खाईल. ही भीती निराधार नाही, कारण अ‍ॅक्सलवर स्प्रिंगा चाकांपेक्षा आत असतात: त्या एकमेकींपासून एक मीटरवर आणि चाकं 1.3 मीटरवर असतील, तर कलण्याविरुद्ध त्यांचा जोर जवळजवळ 59 टक्केच उरतो. पण म्हणूनच स्प्रिंगा चाकांच्या शक्य तितक्या जवळ बसवाव्यात, आणि उरलेला जोर पुढच्या अँटी-रोल बारने द्यावा. मागे अँटी-रोल बार लावू नये, कारण रोल सेंटर आधीच वर आहे. त्यात भर घातली की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं आणि फिरत बसतं. गुळगुळीत सर्किटसाठीच बांधत असाल तर आंदोलनगती 2.2 पर्यंत नेता येते, तेव्हा चाकाजवळ 25 न्यूटन लागतील. खराब रस्त्यासाठी हा आकडा नको.

मऊ स्प्रिंगची दुसरी बाजू म्हणजे माणूस बसला की गाडी खाली जाते. अशा गाडीत सीट अगदी मागच्या चाकांपुढेच असतात. 75 किलोंचा सहप्रवासी बसला आणि त्यातलं 70 टक्के मागे आलं, तर मागचं अंग 17 मिलिमीटर खाली येतं आणि समतल केलेली आडवी दांडी तेवढी तिरपी होते. बहुतेक फेऱ्या एकट्याने होत असतील तर चालकाच्याच वजनावर सगळं जुळवा. बम्प स्टॉपसाठी किमान 50 मिलिमीटर मोकळी हालचाल सोडा, ब्रेकचा लवचिक पाइप पूर्ण लोंबलेल्या अ‍ॅक्सललाही पुरतो हे पाहा, आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र चांगला घ्या. बजेटमधले पैसे जिथे घालावेत अशी मागे एकच जागा आहे आणि ती ही. उसळणाऱ्या 35 किलोंना परत येताना आवरणं हे त्याचं काम. पण परतीचा आवळ फार वाढवला तर लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक खाली यायलाच वेळ मिळत नाही आणि गाडी दर खड्ड्याला खाली ओढली जाते. सैल बाजूने सुरुवात करून एकेक क्लिक वाढवावा.

मग चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून स्प्रिंगांच्या नटांनी कर्णांवरचं वजन सारखं करावं, पुढचं डावं अधिक मागचं उजवं म्हणजे एकूण वजनाच्या निम्मं. लाइव्ह अ‍ॅक्सलच्या गाडीत याला खास महत्त्व आहे, कारण वेग घेताना प्रॉपेलर शाफ्टचा पीळ उजवं मागचं चाक हलकं करतो. चालक उजवीकडे बसत असल्याने त्याचं वजन इथे मदतीला येतं. टायरमध्ये हवा 18 ते 20 पीएसआयच भरावी. या वजनाला सेदानचा 30चा दाब दिला तर टायरच दगडासारखा होतो आणि मागच्या सगळ्या मेहनतीवर बोळा फिरतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून त्यांच्यावर रंगाची रेघ ओढा, आणि आडव्या दांडीच्या ब्रॅकेटभोवतीचा रंग बारकाईने पाहा. तिथे केसाइतकीही भेग दिसली तर गाडी उभी करून आधार आणखी भक्कम करा, आणि पिळाची चाचणी पहिल्यापासून पुन्हा घ्या.